वासे आणि कमानी

भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुन्हा तेच पेटलंय: रायगडावरचा राजवाडा नव्याने उभारायचा, की चौथरे आहेत तसे ठेवायचे? १८१८ला इंग्रजांच्या तोफांनी जाळलेलं आपण पुन्हा बांधून दाखवू, हा एका बाजूचा आवेश. मी बर्लिनहून सुनावलं, "पडक्या भिंती कशा जपतात ते इथं येऊन बघा." उत्तर आलं, "तुझं काय जातंय तिथं बसून?"

झोंबलं. डॉइशलांडटिकीट, म्हणजे जर्मनीभर साध्या गाड्यांना चालणारं महिन्याचं तिकीट, काढलेलंच होतं, शनिवारी थेट ग्राइफ्सवाल्ड गाठलं. तिथल्या एल्डेनाच्या मठाची स्थापना ११९९ची. पुढे मठ ओस पडला, स्वीडिश अंमलात त्याच्या विटा तटबंदीसाठी नेल्या. उरल्या काही भिंती, कमानी. याच गावात १७७४ साली जन्मलेल्या चित्रकार कास्पर डाविड फ्रीडरिशने त्यांना अमर केलं. त्याच्या 'ओकवनातला मठ' या चित्रात (१८०९-१०) कडक हिवाळा आहे, पानं झडलेले ओक, तिरक्या थडग्यांमधून शवपेटी नेणारे साधू आणि मधोमध एकटी उभी भिंत. जुन्या श्रद्धेचं मरण, असं कुणी म्हणतं. नेपोलियनने तुडवलेल्या देशाचं दुःखही त्यात वाचतात. मी मात्र वरचं उजळ आभाळच बघत राहतो. मठ धडधाकट असता तर तिथं छप्पर असतं.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. बर्लिनचा राजवाडा १९५०ला सुरुंगाने उडवला होता आणि आता त्याच्या दर्शनी भिंती जुन्यासारख्या पुन्हा बांधल्यात, हे टाकलं नाही. कोण कशाला सांगेल?

फ्रीडरिशही सोयीचंच रंगवायचा म्हणा. समुद्राकाठचा हा एल्डेना त्याने पुढे एका चित्रात उचलून थेट रीझनगेबिर्गच्या डोंगरांपाशी नेऊन ठेवला. कमानीखाली उभा होतो तेव्हा हे आठवलं आणि जरा ओशाळलो. माझ्या मोबाइलच्या पडद्यावर आमच्या वाड्याचा दिंडीदरवाजा आहे, भिंतीतून पिंपळ फुटलेला. फोटो बघून इथले सहकारी "वा!" म्हणतात. त्याच वाड्यात धाकट्या काकांचा मुलगा राहतो. दर पावसाळ्यात माजघरावर ताडपत्री ओढतो. मागच्या खेपेला त्याला म्हणालो होतो, "पिंपळ काढू नकोस रे, छान दिसतो." तो काही बोलला नाही.

परतीच्या गाडीत त्याचा मेसेज आला, ग्रुपवर नव्हे, मला एकट्याला: "दादा, वासे बदलायलाच हवेत. सागवानी परवडणार नाहीत, लोखंडी टाकू का? तुझा वाटा किती धरू?"

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. ग्रुपवर मात्र रात्री रायगडाबद्दल आणखी एक परिच्छेद टाकला.