एंगेज टोनचेही पैसे

अमेरिकेतल्या एओएल या फोनलाइनवरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीवरच्या एका लेखात तिच्या महिना १९.९५ डॉलरच्या अमर्याद वापराच्या योजनेचं कौतुक आहे, पण पुढचे दोन महिने गाळलेत. डिसेंबर १९९६मध्ये तासागणिक पैसे आकारणं बंद झाल्यावर लोक लाइन धरून बसणारच, हे कंपनीला कळत नव्हतं? कंपनीकडच्या एका मोडेमवर, म्हणजे फोन घेऊन संगणकाशी जोडणाऱ्या यंत्रावर, अनेक गिऱ्हाइकं धरणं हा या धंद्याचा रिवाजच होता. सगळे एकदम येत नसत, त्यामुळे त्यात गैर नव्हतं. पण फोन लावला की एंगेज टोन, आणि तरीही नव्या गिऱ्हाइकांसाठी जाहिराती चालूच, ही मला सरळ फसवणूक वाटते. जानेवारी १९९७मध्ये अनेक राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, दट्ट्या लावला, तेव्हा कुठे कंपनी परतावा द्यायला आणि जाहिराती आवरायला तयार झाली.