बोटीचे पार्ट आणि घरचा लेथ: एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेतला तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुम्ही मला रंगेहाथ पकडलंय. ‘फोटोतल्या पिनेचा खांदा काटकोनात आहे, कोपऱ्याला रेडियस (गोलाई) नाही. एवढं ज्याला कळत नाही त्यानं दुसऱ्याच्या सुकाणूला हात लावू नये,’ असं तुम्ही लिहिलंत. दुसऱ्या वाक्याचं नंतर बघू. पहिलं शंभर टक्के बरोबर आहे.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: मित्राची जुनी शिडाची बोट आहे, सुकाणू मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं. दार बिजागरीवर फिरावं तसं ते दोन उभ्या पिनांवर फिरतं. पिना झिजल्या होत्या, त्या ज्यात फिरतात ते बुश (नळीसारखे अस्तर) अंडाकृती झाले होते, मी घरच्या लेथवर दोन्ही नवीन करून दिले. त्यावर तुमचं म्हणणं असं की हौशी माणसानं हे करूच नये, बाजारात स्टँडर्ड माल मिळतो. धातूही चुकीचा घेतला, आजकाल सगळे ३१६ स्टेनलेस वापरतात, वर एक झिंक (स्वतः गंजून बाकीच्याला वाचवणारा जस्ताचा तुकडा) लावलं की विषय संपला. मग तो कोपरा. आणि शेवटी, मैत्रीखातर केलेलं काम तपासतं कोण.

तर कोपरा. पिनेचा व्यास १६ मिमी, वर डोकं २४ मिमीचं. दोन व्यास जिथे भेटतात तिथे मी टोकदार टूलनं अगदी काटकोनात फेसिंग केलं (डोक्याची खालची बाजू सपाट कापली), कारण तसं केलं की पिन तिला धरणाऱ्या धातूच्या पट्टीच्या भोकात खांद्यापर्यंत चपखल बसते. लेथवर काम करणाऱ्याला असा स्वच्छ काटकोन बघून जो आनंद होतो ना, तोच इथे नडला. अशा कोपऱ्यात ताण गोळा होतो, बाकीच्या पिनेत असतो त्याच्या दोन-तीन पट सहज. सुकाणूवर जोर एका बाजूनं येत नाही. प्रत्येक लाटेबरोबर तो उलटतो, दिवसात हजारो वेळा. साधं पोलाद हवेत असेल तर एका मर्यादेखालच्या जोराला ते कधीच थकत नाही. खाऱ्या पाण्यात ही सोय राहत नाही, आणि ब्राँझला तर अशी स्पष्ट मर्यादा मुळातच नसते. बारीक जोरसुद्धा पुरेशा वेळा आला तर कोपऱ्यात तडा सुरू होतो.

प्रतिक्रिया वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी मित्राला सांगून सुकाणू उतरवलं. वरची पिन नवीन केली, २ मिमी रेडियस देऊन. आता त्याच कोपऱ्यातला ताण दीडपटीच्या आसपास येतो. त्यासाठी हायस्पीड स्टीलचं टूल ग्राइंडरवर हातानं घासलं, रेडियस गेजला उजेडात धरून बघितलं, परत घासलं. अशा टूलची धार कोपऱ्यात एकदम लांबीभर टेकते, त्यामुळे जॉब थरथरायला लागतो आणि पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे ठसे उठतात. स्पीड निम्म्यानं कमी केला, शेवटचा कट हातानं दिला, तेव्हा कुठे कोपरा गुळगुळीत आला. मग लक्षात आलं की रेडियस दिल्यावर पिन भोकात पूर्ण उतरतच नाही, रेडियस भोकाच्या काठावर अडकतो. म्हणून पट्टीच्या भोकाला अडीच मिमीचा चॅम्फर (तिरकी कड) दिला. या भागात तुमचे आभारच आहेत.

आता ‘स्टँडर्ड तयार माल घ्या’. या बोटीचं सुकाणू मूळ कारखान्यातलं नाही, पट्ट्यांची जाडी आणि दोन पिनांमधलं अंतर कुठल्याच कॅटलॉगशी जुळत नाही. तयार पिन घ्यायची तर पट्ट्या बदला, पट्ट्या बदलायच्या तर मागच्या फळीतली जुनी भोकं बुजवा. नसती भानगड. पण हे झालं व्यावहारिक कारण. ‘तयार म्हणजे सुरक्षित’ हे तुमचं गृहीतकच मला पटत नाही.

त्याच बोटीवर कॉकपिटमधलं पाणी समुद्रात सोडणारा एक व्हॉल्व्ह होता. तयार, चकचकीत, पॅकेटवर स्टँडर्डचा नंबर छापलेला. बोट पाण्याबाहेर काढली होती तेव्हा त्याची बोटीच्या तळातून जाणारी फिटिंग मी चाकूनं जरा खरवडली. पिवळ्या पितळेखाली गुलाबी रंग दिसला. लहान हातोडीनं टिचकी मारली तर टण्ण असा आवाज यायला हवा, आला मातीच्या फुटक्या मडक्यासारखा. दुसऱ्या टिचकीला कॉलरचा तुकडा हातात आला, बिस्किटासारखा. साध्या पितळात ४० टक्क्यांपर्यंत जस्त असतं. समुद्राच्या पाण्यात ते जस्त विरघळून निघून जातं आणि मागे उरतो तांब्याचा स्पंज. आकार तोच, आटे तसेच, ताकद शून्य. बरं, हे नियमाविरुद्ध होतं का? लहान बोटींच्या अशा फिटिंगसाठी जे आयएसओ ९०९३ आहे, त्यात ‘गंजरोधक’ म्हणजे काय, तर पाच वर्षांच्या वापरात घट्टपणा, ताकद किंवा काम बिघडेल असा दोष न येणारा धातू. पाच वर्षं! बोटी तीस-चाळीस वर्षं चालतात, आणि फिटिंग बसवल्याचं साल कुणी लिहून ठेवत नाही.

ती फिटिंग मात्र मी बनवली नाही. पाण्याच्या पातळीखालचं भोक होतं, ३८ मिमी व्यासाचं. पातळीच्या ६० सेंमी खाली असं भोक उघडं पडलं तर मिनिटाला साधारण १४० लिटर पाणी आत येतं; हिशेब सोपा आहे, कुणीही करून बघावा. तिथे माझा हात लागायला नको होता. आम्ही गनमेटलची तयार जोडी घेतली, ८५ टक्के तांबं आणि जस्त जेमतेम ५ टक्के. व्हॉल्व्ह आणि फिटिंग एकाच आट्यांचे आहेत ना हे दुकानातच फिरवून बघितलं. आट्यांच्या दोन पद्धती आहेत, ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी: दीड इंचाला बीएसपीचे आटे इंचात ११ आणि एनपीटीचे साडेअकरा. पहिले दोन-तीन फेरे प्रेमानं बसतात, मग अडकतात, आणि जोर लावणाऱ्याला वाटतं की घट्ट झालं.

मास्टला (शिडाच्या डोलकाठीला) दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा डेकमधल्या ज्या पट्ट्यांना बांधतात, त्याही मी नाकारल्या. त्या तुटल्या तर मास्ट डोक्यावर येतो, आणि तडा पडतो नेमका डेकच्या जाडीत, जिथे नजर पोचत नाही. म्हणजे काय करायचं नाही याची यादी माझ्याकडे आहे, आणि ती काय केलं त्यापेक्षा लांब आहे. मागच्या लेखात मी ती लिहिली नाही. फोटो टाकायची घाई, दुसरं काय. तुमचा निम्मा राग तिथूनच आला असावा.

सुकाणूच्या पिना मात्र उघड्यावर असतात. खेळ वाढला की टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) हातात खडखडतो, वाकून बघितलं की झीज दिसते, सुकाणू उचलून अर्ध्या तासात पिन बाहेर. बिघाड आधी सांगून येतो. म्हणून ते काम घेतलं. (आणि कोपऱ्यातला तडा आधी सांगून येत नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो.)

धातूबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. ३१६ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते साध्या ३०४ स्टेनलेसपेक्षा मिठाला जास्त तग धरतं. पण स्टेनलेसचं सगळं संरक्षण त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिपातळ थरात आहे, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. डेकवरचा स्टेनलेसचा रेलिंग वर्षानुवर्षं चमकतो कारण त्याला वारा लागतो. बुशमध्ये अडकलेल्या पिनेभोवती मिलिमीटरच्या अंशाएवढी फट असते, तिच्यात खारं पाणी साचून राहतं, ऑक्सिजन संपतो, थर फुटला की परत भरत नाही. बाहेरून पिन आरशासारखी आणि आत खड्डे. स्टेनलेसचा हा स्वभाव मला फार कपटी वाटतो. गंजतो तो लपून.

म्हणून मी निकेल-अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचा रॉड घेतला: ९-१० टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४-५ टक्के निकेल, थोडं लोखंड, बाकी तांबं. मोठ्या जहाजांचे पंखे (प्रोपेलर) याच जातीच्या धातूचे असतात. लेथवर तो पितळेसारखा लाडात येत नाही, चिवट आहे, पण ३१६ सारखा टूल जरा घासलं की जागच्या जागी कडकही होत नाही. शिवाय जुन्या पट्ट्या ब्राँझच्याच आहेत, म्हणजे दोन धातूंचं भांडण (खाऱ्या पाण्यात एकामुळे दुसरा गंजणं) जवळपास नाहीच. ३१६ ची पिन ब्राँझच्या मोठ्या पट्टीत घातली असती तरी तेवढ्यानं पट्टी खाल्ली गेली नसती, हे मान्य. लहान पार्ट दोघांपैकी जास्त ‘उच्च’ (म्हणजे कमी गंजणारा) असेल तर चालतं. उलटं झालं की वाट लागते. ब्रिटिश नौदलानं १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, लोखंडी खिळ्यांनी. दोन वर्षांनी पाहिलं तर पत्रे ठणठणीत आणि खिळे कितीतरी ठिकाणी नुसते गंजाचे लगदे. भलंमोठं तांबं, इवलासा खिळा, मध्ये खारं पाणी.

झिंकचं म्हणाल तर झिंक त्याच पाण्यात बुडालेल्या आणि त्याला तारेनं किंवा धातूनंच जोडलेल्या पार्टला वाचवतं. आमची वरची पिन पाण्याच्या वर आहे, तिला झिंकचा काडीचाही उपयोग नाही. वरून त्याचा अतिरेकही भोवतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं १८२४ मध्ये तांब्याच्या तळांना असे बळीचे तुकडे लावून बघितले. तांबं वाचलं, पण विरघळायचं थांबल्यामुळे त्याचं विषही थांबलं आणि तळावर शंख-शिंपल्यांची वसाहत उठली.

आता तुम्ही न पकडलेली एक चूक मीच सांगतो. बुश पहिल्यांदा मी नायलॉनचे केले होते. पिनेवर ०.१ मिमी क्लिअरन्स (मोकळी फट), हातानं फिरवलं तर लोण्यासारखं फिरायचं. दीड महिन्यानं मित्राचा फोन: टिलर जड झालाय. आठवड्यानं परत: आता दोन हात लागतात. नायलॉन ६ पाणी पितो, पूर्ण भिजला तर वजनाच्या ८-९ टक्के, आणि पिऊन फुगतो. बाहेरून बुश ब्राँझच्या पट्टीत आवळलेला, म्हणून फुगायला जागा एकच, आतल्या बाजूला. माझी ०.१ मिमी त्यानं केव्हाच गिळली होती. बुश कापून काढावे लागले. आता अ‍ॅसिटल या प्लास्टिकचे आहेत, ते एक टक्काही पाणी घेत नाही, आणि क्लिअरन्स मुद्दाम ०.२५ मिमी ठेवलाय. लेथवर ढिलं वाटतं, पाण्यात बरोबर बसतं. हे मागच्या लेखात ‘बुशचं मटेरियल बदललं’ एवढ्या तीन शब्दांत उरकलं होतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि चारांतला तोच मला सगळ्यात जास्त टोचला. दुकानदाराशी माणूस भांडतो, मित्राशी नाही. फुकट मिळालेल्या पार्टला ‘हा नीट नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. टिलर जड झाल्याचं मित्रानं मला आठवडाभर उशिराच सांगितलं होतं, ‘तुला वाईट वाटेल’ म्हणून. तेव्हापासून प्रत्येक पार्टबरोबर ड्रॉइंग देतो: मापं, धातू, बसवल्याची तारीख, आणि पहिल्यांदा काढून कधी बघायचं ते. भंगारातला रॉड वापरत नाही, दिसायला कितीही सोन्यासारखा असो. सर्टिफिकेट असलेलाच घेतो. लोहचुंबक लावून ‘हे ३१६ आहे’ सांगणारे खूप भेटतात, पण चुंबक ३०४ लाही तितकाच कमी चिकटतो, त्यावरून दोघं ओळखता येत नाहीत. पण ही कागदपत्रं झाली. तिऱ्हाईत डोळा माझ्याकडे नव्हता, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

म्हणून एक विनंती. खालची पिन अजून रेडियस देऊन परत केलेली नाही. तिला वरच्यापेक्षा जास्त जोर येतो, कारण पाण्याचा रेटा तिच्याजवळ आहे. व्यास १६ च ठेवून रेडियस ३ मिमी करावा, की पट्टीचं भोक मोठं करून पिनच १८ ची करावी, यात मी अडकलोय. भोक वाढवलं तर पट्टीत काठापर्यंत फक्त ७ मिमी धातू उरतो, तेही मला आवडत नाही. ड्रॉइंग लेखाच्या शेवटी जोडलंय, या वेळी कोपऱ्याच्या रेडियससकट. बघून सांगा. रॉड अजून कापलेला नाही, सुकाणू माझ्या वर्कबेंचखाली आडवं पडलंय, आणि मित्र दर दोन दिवसांनी ‘झालं का?’ विचारतोय.