'ऐ मेरे वतन के लोगों' : फिरणारा मजकूर आणि खरी हकिगत

28 सप्टेंबर, लतादीदींचा जन्मदिवस, आला की आमच्या इंदुरातल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. दीदींचा जन्म इथला, शीख मोहल्ल्यातला, त्यामुळे तो पुढे ढकलताना कुणी थांबत नाही. मजकूर असा: पंडितजींनी, म्हणजे नेहरूंनी, सांगून 'ऐ मेरे वतन के लोगों' लिहून घेतलं, दीदींनी ते 26 जानेवारीला लाल किल्ल्यावर गायलं, ते 'हकीकत' सिनेमातलं आहे, आणि त्याचे सगळे पैसे दीदींनी जवानांना दिले.

दीदींवर माझा जीव आहे, म्हणूनच सांगते. हे असं घडलेलं नाही.

तारीख आणि जागा आधी. 27 जानेवारी 1963, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम. समोर राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू. चीनशी युद्ध थांबून जेमतेम दोन महिने झाले होते.

'हकीकत' आला 1964 साली. गाणी कैफी आझमींची, संगीत मदनमोहन यांचं. युद्ध तेच, म्हणून गल्लत होते. आपलं गाणं कुठल्याही सिनेमासाठी केलेलं नाही.

आता लिहिण्याचं. कवी प्रदीप आमच्याच माळव्यातले, उज्जैनजवळच्या बडनगरचे. मुंबईत माहीमच्या किनाऱ्यावर फिरताना त्यांना ओळी सुचल्या. जवळ कागद नाही, पेन नाही. वाटेतल्या एकाकडून पेन मागितलं आणि सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर ओळी उतरवून घेतल्या. पुढे मेहबूब खान यांना दिल्लीच्या कार्यक्रमासाठी गाणं हवं होतं, तेव्हा त्या कामी आल्या. आणि ज्याने लिहिलं त्या माणसाला दिल्लीचं बोलावणंच नव्हतं! त्याच वर्षी पंडितजी मुंबईत आले, तेव्हा प्रदीपजींनी त्यांना स्वतः गाऊन दाखवलं.

मजकुरात सी. रामचंद्रांचं नावच नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. चाल त्यांची, म्हणजे अण्णांची, पुणतांब्याला जन्मलेल्या मराठी माणसाची. गाणं पुन्हा लावा आणि फक्त सुरुवात ऐका. पहिला तुकडा ठेक्याशिवाय येतो, कुणी उभं राहून लोकांशी बोलावं तसा. ठेका नंतर धरला जातो, आणि तोवर आपण मुकाट झालेलो असतो. हे अण्णांनी ठरवलेलं आहे. त्या काळात दीदी आणि अण्णांचं बोलणं बंद होतं, म्हणून आधी आशाताईंचं नाव पुढे आलं होतं. प्रदीपजींनी हट्ट धरला तेव्हा दीदी तयार झाल्या. मग दोघी बहिणींनी मिळून गावं असंही ठरत होतं, पण आशाताई बाजूला झाल्या. दीदी एकट्याच उभ्या राहिल्या आणि काय गायल्या! पंडितजींचे डोळे भरून आले, ही आठवण खुद्द दीदींनी मुलाखतींतून सांगितलेली आहे. तेवढी गोष्ट जरूर पाठवा, पण प्रदीप आणि अण्णा ही दोन नावं सोबत जाऊ द्या.

राहिले पैसे. या गाण्याची रॉयल्टी युद्धात गेलेल्या जवानांच्या विधवांना मिळावी, हे प्रदीपजींनी लिहून दिलं होतं. ते पैसे नीट पोचत नव्हते, म्हणून त्यांच्या मुलीला कोर्टाची पायरी चढावी लागली. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने संगीत कंपनीला 10 लाख रुपये थकबाकी भरायला सांगितली. प्रदीपजी 1998 सालीच गेले होते.