‘बाजीराव बघत बसले’ म्हणणाऱ्या कमेंटला उत्तर

कमेंटबद्दल मनापासून थँक्स. तुमचं म्हणणं असं की इराणच्या नादिरशहाने १७३९ मधे दिल्ली लुटली, त्यावरच्या पोस्टमधे मी सगळं खापर मुघल बादशहा महंमदशहाच्या दरबारावर फोडलं आणि मराठ्यांना अलगद सोडून दिलं, बाजीराव धावून गेले असते तर दिल्लीची लूट टळली असती. उत्तर जरा लांबणार आहे, दोन ओळींत उरकण्यासारखा विषयच नाहीये हा.

आधी तारखा बघा. नादिरशहाने मुघलांना हरवलं ती कर्नालची लढाई २४ फेब्रुवारी १७३९ ची, आणि ती काही तासांत आटोपली. तेव्हा बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा पोर्तुगीजांविरुद्ध वसईच्या मोहिमेत अडकलेले, किल्ला पडला मे महिन्यात, आणि नादिरशहाने दिल्ली सोडली तीही मे मधेच. मग वेळेवर पोचणार कोण आणि कसं? चंबळेपर्यंत फौजा पसरायचा विचार बाजीरावांनी केला होताच, त्यामुळे ‘बघत बसले’ हे मला अजिबात पटत नाही.

एक मात्र मान्य. १७३७ मधे बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन आले, पुढे भोपाळला निजामाला, म्हणजे बादशहाच्या बड्या सरदाराला, कोंडून ५० लाखांचा तह करायला लावला, त्यामुळे बादशाही आतून किती पोकळ झालीय हे सगळ्यांनाच दिसलं. हे पोस्टमधे यायला हवं होतं, चूक माझी, अ‍ॅड करतो.

पण दिल्ली लुटली गेली ती नुसत्या कर्नालच्या पराभवामुळे नाही, हे मी परत सांगणार. लढाईनंतर निजामाने बोलणी करून ५० लाखांवर सौदा जमवत आणला होता, तेवढे घेऊन नादिरशहा माघारी जाणार होता. पण मुघल सरदार खान दौरान लढाईत जखमी होऊन मेला, त्याचं मीरबक्षीचं (फौजेच्या मुख्य कारभाऱ्याचं) पद निजामाकडे गेलं आणि त्या पदावर डोळा ठेवून बसलेला अवधचा मुघल सुभेदार सआदतखान, जो इराण्यांच्या छावणीत कैदेत होता, तो नादिरशहाला म्हणाला की ५० लाख म्हणजे काहीच नाही, दिल्लीत चला, २० कोटी मिळतील. एका पदाच्या रागापायी आख्खं शहर दाखवून दिलं हो त्याने! याचा मला आजही संताप येतो.

आणि भोगलं कोणी? पहाडगंजच्या बाजारात धान्याच्या भावावरून इराणी शिपायांशी बाचाबाची झाली, त्यात नादिरशहा मेला अशी आवई उठली आणि रात्रीतून लोकांनी बरेच इराणी शिपाई मारले. सकाळी तो चांदणी चौकातल्या रोशनउद्दौलाच्या सोनेरी मशिदीत येऊन बसला आणि कत्तलीचा हुकूम दिला. मी तिथे जाऊन आलोय, सीसगंज गुरुद्वाऱ्याला लागून छोटीशीच मशीद आहे, रस्त्यापेक्षा उंचावर, खाली सतत गर्दी. त्या रस्त्यावर आणि आसपासच्या मोहल्ल्यांत काही तासांत वीस-तीस हजार माणसं मारली गेली असं साधारण मानतात. त्यानंतर वसुली सुरू झाली, सावकारांपासून साध्या घरांपर्यंत, मयूरासन आणि कोहिनूर तर गेलेच. लूट एवढी की इराणात त्याने तीन वर्षांचा कर माफ केला.

सआदतखानाबद्दल तुमच्या कमेंटमधे एक शब्द नाहीये. ५० लाखांवर परत जायला निघालेल्या माणसाला दिल्लीत आणलं कोणी, यावर तुमचं काय म्हणणं आहे ते नक्की लिहा, मी वाट बघतोय.