मागच्यांना लागत नाही म्हणे!

आज पुण्याहून नाशिकला यायला गाडी केली. मागच्या सीटला नवंकोरं कव्हर, बेल्टचं बक्कल त्याखाली गडप. विचारलं तर ड्रायव्हरदादा हसले, "ताई, मागच्यांना लागत नाही. पोलीस पुढचंच बघतात." म्हणजे बेल्ट पोलिसांसाठी लावायचा!

माझा मामा असाच मागे ऐसपैस बसला होता. संगमनेरजवळ गाडी कठड्याला धडकली. पुढे बसलेल्या मामीने बेल्ट लावला होता. मामाचं अख्खं धूड मागून तिच्या सीटवर आदळलं. त्याच्या ओठाला टाके, तिचा खांदा मोडला. नियम पाळणारी तीच आणि महिनोन्महिने हात गळ्यात बांधून फिरणारीही तीच.

म्हणून 'माझा जीव, माझी मर्जी' ऐकलं की डोकं फिरतं. मोडला तो मामीचा खांदा होता ना?

व्होल्वोच्या निल्स बोहलिनने 1959 मध्ये हा खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा आणला, कंपनीने पेटंट सगळ्यांना खुलं करून टाकलं. फुकटचा जीवदानी पट्टा, तरी लोक लावेनात! शेवटी 1970 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने सक्ती केली. ब्रिटनमध्ये पुढच्यांना 1983 साली लागू झाली, मागच्या मोठ्या माणसांना थेट 1991 साली. तेव्हा 'आपलेच लोक असे' हे रडगाणं नको.

आपल्या मोटार वाहन नियमांत मागच्या सीटचाही उल्लेख आहे, पण आपल्याला तो आठवला सप्टेंबर 2022 मध्ये, पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले तेव्हा. तेही मागेच बसले होते. चार दिवस सगळे हळहळले.

हो, एसटीत बहुतेक प्रवाशांना बेल्ट नसतो, रस्त्यांना खड्डे आहेत, पावत्या फाडायलाही हाच नियम सापडतो. मान्य. पुढे?

मामावर आता राग नाही. त्याचं अर्धं आयुष्य मागे पट्टाच नसलेल्या गाड्यांत गेलं. बेल्ट लावते म्हणून मामीला 'भित्री भागूबाई' म्हणायचा, आता गाडीत बसल्याबरोबर स्वतःच बक्कल शोधतो.

पण बेल्ट न लावल्याचा अलार्म वाजू नये म्हणून बक्कलात खोचायची ती क्लिप? 2023 मध्ये सरकारला ऑनलाइन कंपन्यांना सांगावं लागलं, की ही विकू नका. पैसे मोजून घेत होते लोक, शिकलेसवरलेले!

तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसणाऱ्यांबद्दल आज लिहीत नाही. भाषा बिघडेल माझी.