अनुभवाला वाट्टेल तेवढे पैसे मोजा म्हणणाऱ्यांनो, डेन्व्हर आठवा

सकाळपासून एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीगच्या) ग्रुपवर एकच धोशा लावलाय, "क्वार्टरबॅक अनुभवीच हवा, पैसे गेले तरी चालतील." क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. पण पैसे गेलेले चालतील कसे? इथे सॅलरी कॅप आहे, म्हणजे संघाच्या पगारखर्चावर मर्यादा. २०२४ मध्ये प्रत्येक संघाला सगळ्या खेळाडूंसाठी मिळून २५.५४ कोटी डॉलर होते, मग मालक कितीही गडगंज असो.

डेन्व्हर आठवा. मार्च २०२२ मध्ये अनुभवी क्वार्टरबॅक रसेल विल्सनसाठी ड्राफ्टमधले (नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांमधले) पहिल्या फेरीचे दोन पिक, म्हणजे निवडीचे हक्क, दुसऱ्या फेरीचे दोन, पाचव्या फेरीचा एक आणि वर तीन खेळाडू सिॲटलला देऊन टाकले. तो एकही सामना खेळायच्या आत पाच वर्षांचा २४ कोटींहून मोठा करार केला. त्या हंगामात ५ विजय, १२ पराभव. विल्सन ५५ वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आत पाडला गेला. मार्च २०२४ मध्ये त्याला सोडलं.

पण सोडलं म्हणजे सुटलो, असं इथे नसतं. करारावर सही केल्याचा साइनिंग बोनस खेळाडूला आधीच मिळतो, कॅपच्या हिशोबात मात्र तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरतात. खेळाडू मध्येच सोडला की राहिलेले हप्ते एकदम अंगावर येतात. १ जूननंतर सोडल्यासारखं धरायची सवलत घेतली तर दोन वर्षांत विभागले जातात, माफ होत नाहीत. त्यात गॅरंटीचा पगार वेगळा. डेन्व्हरला साडेआठ कोटींचा फटका बसला, २०२४ मध्ये ५.३ आणि २०२५ मध्ये ३.२. मैदानात नसलेल्या माणसासाठी!

विल्सनवर माझा राग नाही. सिॲटलला सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकून दिलेला खेळाडू आहे तो, आणि तेव्हा तोही नवख्याच्या, म्हणजे ड्राफ्टमधून नुकत्याच आलेल्या खेळाडूच्या, स्वस्त पगारावर होता. उरलेल्या पैशांत सिॲटलला बाकीचा संघ राखता आला, हे सोयीस्कर विसरायचं?

एवढा खड्डा पडूनही डेन्व्हर २०२४ मध्ये १० विजय, ७ पराभव करून प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) गेलं. बाराव्या पिकवर घेतलेला नवखा क्वार्टरबॅक बो निक्स, चार वर्षांचे मिळून दोन कोटींच्या आत. २०११ च्या कामगार करारापासून नवख्यांचा पगार पिकच्या क्रमांकावर ठरतो. त्याआधी, २०१० मध्ये, नवख्या सॅम ब्रॅडफर्डला तब्बल ५ कोटींची गॅरंटी मिळाली होती.

हो, नवखा फसतोही. २०२३ मध्ये कॅरोलायनाने ब्राइस यंग या नवख्या क्वार्टरबॅकसाठी पिक तर दिलेच, वर डीजे मूर हा आपला सर्वांत चांगला रिसीव्हरही (बॉल झेलणारा) दिला. मग पोरानं बॉल टाकायचा कोणाला? स्नॅपच्या (बॉल खेळात येण्याच्या) आधी दोन्ही सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) कुठे उभे आहेत ते बघायचं, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा खेळाडूंचा हल्ला) कुठून येईल ते ओळखून लाइनला, म्हणजे त्याला वाचवणाऱ्या पुढच्या फळीला, सांगायचं आणि साधारण अडीच सेकंदांत बॉल सोडायचा. नवखा पहिल्याच रिसीव्हरकडे बघत राहतो. तेवढ्यात लाइनमधला गार्ड हरला की संपलं. यंग ६२ वेळा सॅक झाला, संघ २-१५. वाईट वाटायचं त्याला बघताना. निक्स यायच्या वर्षभर आधी डेन्व्हरने माइक मॅकग्लिंची आणि बेन पॉवर्स लाइनवर आणून ठेवले होते. फरक तिथे पडला.

अनुभवी क्वार्टरबॅक चालतो याचं उदाहरण म्हणून सॅम डार्नल्डचं नाव काढाल, ठीक आहे. पण मिनेसोटाने त्याला एका वर्षासाठी एक कोटीत घेतलं होतं, १८ कोटींना नाही. १८ कोटींचा करार ॲटलांटाने कर्क कझिन्सशी केला, दहा कोटींची गॅरंटी देऊन, आणि पुढच्याच महिन्यात आठव्या पिकवर मायकेल पेनिक्सला घेतलं. महागाचा अनुभवीही हवा आणि नवखाही! डिसेंबरमध्ये कझिन्स बेंचवर गेला, आणि पेनिक्सच्या स्वस्त चार वर्षांतलं पहिलं जवळजवळ सगळं बाहेर बसून गेलं.