नास्तिक ज्यू आणि शुक्रवारच्या मेणबत्त्या

‘शुक्रवारी मेणबत्त्या लावणारे नास्तिक ज्यू ढोंगी’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. (शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, सुरू होताना घरोघरी मेणबत्त्या लावतात.) त्यात तथ्य नाही. ज्यू आईच्या पोटी जन्मलेला माणूस देव मानो न मानो, परंपरेच्या नियमानेही ज्यूच राहतो. शिवाय देवाला वगळून सण पाळणं लपूनछपून चालत नाही. रब्बी (ज्यू धर्मगुरू) शर्विन वाइन यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटजवळ देव वगळून सण पाळणाऱ्या ज्यूंचा समुदायच उभा केला. (देव वगळणारा रब्बी! भुवया उंचावणारच.) त्यांच्या या मानवतावादी ज्यू पंथात मेणबत्त्या लावल्या जातात, पण म्हणतात ते ‘जगातला प्रकाश धन्य, माणसातला प्रकाश धन्य’ असं. इस्रायलमधल्या अनेक धर्मनिरपेक्ष किबुत्झांनी (सामुदायिक शेती-वसाहतींनी) तर पेसाखच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची पोथी स्वतःच नव्याने लिहिली. तिच्यात वसंत आणि शेती आली.